लिनक्सवर स्वॅप कशी लावायची, वाढवायची आणि काढायची

जुन्या, ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर विंडोज जड व्हायला लागली की बरेच जण उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकतात. काही दिवस सगळे छान चालते. मग कधीतरी ब्राउझरमध्ये टॅब वाढत जातात, सोबत लिबरऑफिस उघडे असते, आणि माउसचा बाण जागीच थिजतो. डिस्कचा दिवा अखंड जळत राहतो आणि पॉवरचे बटण दाबून धरण्यावाचून इलाज उरत नाही. कधी याच्या उलट घडते. काहीच अडकत नाही, पण अर्धवट भरलेल्या फॉर्मसकट ब्राउझर अचानक बंद होतो. दोन्ही वेळा बहुधा रॅम संपलेली असते, आणि नवी रॅम विकत घेण्याआधी स्वॅप, म्हणजे रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची राखीव जागा, तपासून घेणे केव्हाही चांगले.

हे काम पंधरा-वीस मिनिटांचे आहे, पण त्यातल्या एका टप्प्यावर चूक झाली तर मशीन नीट सुरूच होत नाही. म्हणून आधी सगळे एकदा वाचून काढा, मग टर्मिनल उघडा.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी छोट्या लिपीत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. मोठे अक्षर लागेल तिथे तसे सांगितले आहे, आणि स्पेलिंगचा घोटाळा होऊ शकतो तिथे अक्षरे सुटी दिली आहेत. पायऱ्या उबुंटू, मिंट आणि डेबियनसाठी आहेत. फेडोराचा उल्लेख जिथे फरक पडतो तिथे येईल.

काय काय लागेल

- ज्या खात्याला सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणे) चालते त्याचा पासवर्ड
- डिस्कवर मोकळी जागा, म्हणजे जेवढी स्वॅप हवी तेवढी आणि वर थोडी शिल्लक
- ज्या पेनड्राइव्हवरून लिनक्स टाकले तो लाइव्ह पेनड्राइव्ह, जवळ असू द्या
- महत्त्वाच्या फायलींचा बॅकअप. स्वॅपसाठी डेटा पुसावा लागत नाही, पण सिस्टीमच्या फायलींना हात लावताना बॅकअप असलेला बरा

आधी थोडे समजून घ्या

रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि स्वॅप म्हणजे माळा. रोज लागत नाही ते माळ्यावर गेले की ओट्यावर काम करायला जागा होते. पण दर दोन मिनिटांनी शिडी लावून माळ्यावर चढावे लागत असेल, तर स्वयंपाक होणार नाही. स्वॅपने रॅम वाढत नाही. पडून असलेल्या गोष्टी बाजूला ठेवायला जागा मिळते, एवढेच.

प्रत्यक्षात काय होते ते असे. आपल्या नेहमीच्या इंटेल किंवा एएमडी संगणकावर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, रॅमचे ४ केबीच्या पानांत तुकडे करून हिशेब ठेवतो. ही पाने दोन जातींची. काही पानांची मूळ प्रत डिस्कवर असते, उदाहरणार्थ प्रोग्रामचा स्वतःचा कोड किंवा वाचलेली फाइल. अशी पाने कर्नल बिनदिक्कत टाकून देऊ शकतो, कारण लागली की पुन्हा वाचता येतात. दुसरी जात म्हणजे प्रोग्रामने चालता चालता तयार केलेला डेटा: उघडलेल्या टॅबमधला मजकूर, न साठवलेले चित्र. याची प्रत डिस्कवर कुठेच नसते. त्याला रॅमबाहेर ठेवायचे तर स्वॅप ही एकच जागा.

हे नीट लक्षात आले की "स्वॅप बंद करा, मशीन पळायला लागेल" हा सल्ला का फसवा आहे ते कळते. स्वॅप नसेल तर सकाळपासून कोणी न बघितलेला टॅबही रॅम अडवून बसतो. मग कर्नलच्या हाती उरतात ती पहिल्या जातीची पाने, म्हणजे चालू प्रोग्रामचा कोड. तो टाकायचा, लगेच पुन्हा डिस्कवरून वाचायचा, पुन्हा टाकायचा. डिस्कचा दिवा स्वॅप नसतानाही जळत राहतो तो यामुळे.

पायरी १: स्वॅप आहे का आणि कमी पडते आहे का, ते पाहा

टर्मिनलमध्ये ही कमांड द्या:

फ्री -एच

वरच्या ओळीत रॅमचा हिशेब आणि खालच्या ओळीत स्वॅपचा. नवखा माणूस इथे पहिल्यांदा दचकतो, कारण "फ्री" या रकान्यात रॅम जेमतेम दिसते. तो रकाना सोडून द्या. लिनक्स रिकामी रॅम फायलींच्या कॅशसाठी (वाचलेल्या फायलींच्या तात्पुरत्या प्रती ठेवायला) वापरतो आणि गरज पडताच परत देतो. पाहायचा रकाना शेवटचा, "अव्हेलेबल". नव्या प्रोग्रामला खरोखर किती रॅम मिळू शकते त्याचा अंदाज तिथे असतो.

मग स्वॅप नेमकी कुठे आहे ते पाहा:

सुडो स्वॅपऑन --शो

काहीच आले नाही तर स्वॅप नाही. आले तर नाव, प्रकार, आकार, वापर आणि प्राधान्यक्रम दिसेल. प्रकार "फाइल" किंवा "पार्टिशन" (डिस्कचा वेगळा केलेला भाग) असतो. उबुंटूने १७.०४ या आवृत्तीपासून नेहमीच्या इन्स्टॉलेशनमध्ये वेगळ्या पार्टिशनऐवजी स्वॅप फाइल द्यायला सुरुवात केली, त्यामुळे बऱ्याच मशीनवर ती आधीच असते, फक्त लहान असते.

स्वॅपचा वापर ३००-४०० एमबी दिसला म्हणून काळजी करू नका. न लागणारी पाने तिकडे गेली आहेत, एवढाच त्याचा अर्थ. त्रास कशात असतो, तर सतत चालणाऱ्या ये-जा मध्ये. ती पाहण्यासाठी:

व्हीएमस्टॅट १

अक्षरे व्ही-एम-एस-टी-ए-टी, मग एक जागा सोडून आकडा. दर सेकंदाला एक ओळ येत राहील. "एसआय" म्हणजे स्वॅपमधून रॅममध्ये आलेले आणि "एसओ" म्हणजे रॅममधून स्वॅपमध्ये गेलेले. पहिली ओळ मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते, ती धरू नका. नेहमीचे काम करत राहा आणि या दोन रकान्यांवर नजर ठेवा. बहुतेक वेळ शून्य आणि मधूनच एखादा आकडा, हे निरोगी लक्षण. दोन्ही रकान्यांत सलग मोठे आकडे येत राहिले तर रॅमच कमी आहे. तिथे स्वॅप वाढवून वेग मिळणार नाही. पायरी ७ मधला झेडरॅम वापरून पाहा किंवा रॅम वाढवा. थांबवायला कंट्रोल आणि सी.

ब्राउझर अचानक बंद होत असेल तर तो कोणी बंद केला तेही कळते. "सुडो जर्नलसीटीएल -बी" द्या, मग तिरपी रेघ आणि पुढे ओओएम ही अक्षरे टाइप करून एंटर दाबा. "ओओएम" म्हणजे आउट ऑफ मेमरी. तशा ओळीत किंवा तिच्या आसपास प्रोग्राम मारल्याचे ("किल्ड") लिहिले असेल तर मेमरी संपल्यामुळे सिस्टीमनेच तो प्रोग्राम मारला. उबुंटू २२.०४ पासून डेस्कटॉपवर सिस्टमडी-ओओएमडी नावाची पहारेकरी सेवा असते. मेमरीवर ताण आला आणि स्वॅप भरत आली की कर्नलची वेळ येण्याआधीच ती प्रोग्राम बंद करते. स्वॅप लहान असेल तर ही वेळ लवकर येते, त्यामुळे अशा मशीनवर स्वॅप वाढवणे हाच योग्य उपाय ठरतो.

पायरी २: किती स्वॅप ठेवायची ते ठरवा

"रॅमच्या दुप्पट" हा नियम रॅम एमबीमध्ये मोजायच्या काळातला आहे. आता तो सरसकट लागू होत नाही. रेड हॅटच्या मार्गदर्शक सूचनांनुसार २ जीबीपर्यंत रॅम असेल तर दुप्पट, २ ते ८ जीबीला रॅमइतकी आणि त्यापुढे किमान ४ जीबी. घरगुती वापरासाठी माझे मत साधे आहे: ४ जीबी रॅमला ४ जीबी, ८ जीबी रॅमलाही ४ जीबी पुरते, १६ जीबी असेल तर २ ते ४ जीबी ठेवून विसरून जा.

अपवाद हायबरनेटचा. हायबरनेट करताना रॅममधला मजकूर स्वॅपमध्ये उतरवून मशीन पूर्ण बंद होते, म्हणून किमान रॅमइतकी जागा हवीच. रेड हॅट २ ते ८ जीबी रॅमसाठी दुप्पट आणि त्यापुढे दीडपट सुचवते. पण नुसती जागा देऊन भागत नाही. स्वॅप फाइल असेल तर ती डिस्कवर कुठून सुरू होते हेही बूटच्या वेळी कर्नलला सांगावे लागते. उबुंटूत हायबरनेट मुळात बंद असते आणि सिक्युअर बूट (फक्त सही असलेले सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असताना कर्नल त्याला परवानगी देत नाही. नवख्यांनी सुरुवातीला यात पडू नये. झाकण मिटल्यावर साधे सस्पेंड होते, त्याला स्वॅप लागतच नाही.

पायरी ३: फाइल करायची की पार्टिशन?

फाइल करा. कर्नल २.६ पासून दोन्हींच्या वेगात सांगण्यासारखा फरक राहिलेला नाही. फाइल हवी तेव्हा मोठी करता येते आणि काढता येते. पार्टिशनला हात लावताना शेजारचा डेटा धोक्यात येतो. आधीपासून स्वॅप पार्टिशन असेल तर ते आहे तसे राहू द्या, त्याच्या जोडीला फाइल चालते.

पायरी ४: स्वॅप फाइल तयार करा

आधीची स्वॅप फाइल लहान असेल तर बरेच लोक तीच ताणून मोठी करायला जातात. ती वापरात असल्यामुळे "टेक्स्ट फाइल बिझी" असा निरोप येतो आणि माणूस गोंधळतो. त्यापेक्षा जुनीला न छेडता दुसरी फाइल जोडा. लिनक्सला एकापेक्षा जास्त स्वॅप चालतात.

आधी दोन गोष्टी तपासा. "डीएफ -एच /" देऊन मोकळी जागा पाहा. मग "फाइंडएमएनटी /" द्या, अक्षरे एफ-आय-एन-डी-एम-एन-टी. त्यात फाइल सिस्टीमचा, म्हणजे डिस्कवर फायली मांडायच्या पद्धतीचा, प्रकार दिसेल. "ईएक्सटी४" असेल तर बिनधास्त पुढे जा. "बीटीआरएफएस" असेल तर इथेच थांबा: त्यावर स्वॅप फाइलची रीत वेगळी आहे, आणि साधी फाइल केली तर चालू करताना "इनव्हॅलिड आर्ग्युमेंट" एवढेच उत्तर मिळते. अशा मशीनवर थेट पायरी ७ चा मार्ग धरलेला सोपा. झेडएफएसवर तर स्वॅप फाइल चालतच नाही.

आता फाइल. नाव /एक्स्ट्रास्वॅप, अक्षरे ई-एक्स-टी-आर-ए-एस-डब्ल्यू-ए-पी.

१. सुडो फॅलोकेट -एल ४जी /एक्स्ट्रास्वॅप
कमांडची अक्षरे एफ-ए-एल-एल-ओ-सी-ए-टी-ई. उणे चिन्हानंतरचा एल छोटा, चारनंतरचा जी मोठा. ४ जीबीची फाइल क्षणात तयार होते.

२. सुडो सीएचमॉड ६०० /एक्स्ट्रास्वॅप
ही कमांड अनेक जण गाळतात. स्वॅपमध्ये रॅममधला काहीही मजकूर उतरू शकतो, अगदी पासवर्डही. ६०० दिल्यावर ती फाइल फक्त रूटला, म्हणजे मुख्य प्रशासक खात्याला, वाचता येते.

३. सुडो एमकेस्वॅप /एक्स्ट्रास्वॅप
अक्षरे एम-के-एस-डब्ल्यू-ए-पी. साधी फाइल यामुळे स्वॅप म्हणून ओळखली जाते. इथे नाव दोनदा तपासा. ही कमांड चुकून दुसऱ्या पार्टिशनवर चालली तर तिथला डेटा हातचा जाऊ शकतो.

४. सुडो स्वॅपऑन /एक्स्ट्रास्वॅप

पुन्हा "सुडो स्वॅपऑन --शो" दिल्यावर नवी फाइल यादीत दिसायला हवी.

"फाइलमध्ये होल्स आहेत" अशा अर्थाची तक्रार आली तर फॅलोकेटने केलेली फाइल त्या फाइल सिस्टीमवर चालत नाही. ती "सुडो आरएम /एक्स्ट्रास्वॅप" ने काढा आणि डीडीने शून्ये भरून तीच फाइल करा:

सुडो डीडी आयएफ=/डेव्ह/झीरो ओएफ=/एक्स्ट्रास्वॅप बीएस=१एम काउंट=४०९६

एकनंतरचा एम मोठा, डेव्ह म्हणजे डी-ई-व्ही. ओएफ पुढे जे लिहाल त्यावर शून्ये ओतली जातात, विचारणा होत नाही. तिथे चुकून डिस्कचे नाव पडले तर सगळे गेले. एंटर दाबण्याआधी ओळ एकदा मोठ्याने वाचा. पूर्ण झाल्यावर क्रमांक २, ३ आणि ४ पुन्हा करा.

पायरी ५: रीस्टार्टनंतरही टिकेल असे करा

आतापर्यंत लावलेली स्वॅप मशीन बंद होईपर्यंतच आहे. कायमची करायला /ईटीसी/एफएसटॅब या फाइलमध्ये एक ओळ जोडायची. नाव ई-टी-सी आणि एफ-एस-टी-ए-बी. मशीन सुरू होताना कोणते पार्टिशन कुठे जोडायचे हे या फाइलवरून ठरते, म्हणून इथली दुसरी एखादी ओळ चुकून बिघडली तर डेस्कटॉपऐवजी काळ्या पडद्यावर इमर्जन्सी मोड येतो. सगळ्या कामात जपून करायची पायरी हीच.

आधी प्रत काढा:

सुडो सीपी /ईटीसी/एफएसटॅब /ईटीसी/एफएसटॅब.बॅक

बॅक म्हणजे बी-ए-के. मग "सुडो नॅनो /ईटीसी/एफएसटॅब" ने फाइल उघडा. बाणाच्या बटणाने तळाशी जा आणि नव्या ओळीवर हे सहा शब्द, प्रत्येकामध्ये जागा सोडून लिहा:

/एक्स्ट्रास्वॅप नन स्वॅप एसडब्ल्यू ० ०

"नन" म्हणजे एन-ओ-एन-ई, कारण स्वॅप कुठल्याही फोल्डरला जोडायची नसते. "एसडब्ल्यू" दोनच अक्षरे. शेवटची दोन शून्ये बॅकअप आणि डिस्क तपासणीशी संबंधित आहेत, स्वॅपला ती लागू नाहीत. कंट्रोल आणि ओ, एंटर, मग कंट्रोल आणि एक्स. बाकी एकाही ओळीला हात लावू नका.

लगेच रीस्टार्ट करू नका. आधी चालू मशीनवरच खात्री करता येते:

- सुडो फाइंडएमएनटी --व्हेरिफाय: फाइलमधल्या चुका दाखवते. एखादा इशारा दिसला तरी घाबरू नका, पण "एरर" असेल तर दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नका
- सुडो स्वॅपऑफ /एक्स्ट्रास्वॅप: नवी स्वॅप तात्पुरती बंद
- सुडो स्वॅपऑन -ए: एफएसटॅब वाचून सगळ्या स्वॅप चालू

आता --शो मध्ये फाइल परत दिसली तर ओळ बरोबर आहे. निश्चिंत मनाने रीस्टार्ट करा. तरीही मशीन अडलेच तर लाइव्ह पेनड्राइव्हने सुरू करा, आतली डिस्क उघडा आणि एफएसटॅब.बॅकची प्रत एफएसटॅबच्या जागी ठेवा. त्यासाठीच ती काढली होती.

जुने स्वॅप पार्टिशन पुसलेल्या किंवा त्यावर पुन्हा एमकेस्वॅप चालवलेल्या मशीनवर आणखी एक त्रास हमखास दिसतो. सुरू होताना दीड मिनिट "स्टार्ट जॉब इज रनिंग" असा निरोप आणि पुढे शांतता. एमकेस्वॅप दर वेळी नवा यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) देते, एफएसटॅबमध्ये मात्र जुनाच असतो, आणि सिस्टमडी, म्हणजे मशीन सुरू करताना सगळ्या सेवा चालू करणारा प्रोग्राम, त्या हरवलेल्या पार्टिशनची ९० सेकंद वाट पाहते. "सुडो बीएलकेआयडी" ने नवा यूयूआयडी पाहून ओळ सुधारा, किंवा पार्टिशनच उरले नसेल तर त्या ओळीच्या सुरुवातीला हॅश चिन्ह टाका. उबुंटू आणि डेबियनवर हाच जुना यूयूआयडी /ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/कॉन्फ.डी/रिझ्यूम या फाइलमध्येही असू शकतो. तो बदलला तर नंतर "सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू" देणे विसरू नका.

पायरी ६: स्वॅपिनेस, आणि त्याला किती महत्त्व द्यायचे

रॅमवर ताण आला की फायलींची कॅश टाकायची की प्रोग्रामचा डेटा स्वॅपमध्ये पाठवायचा, याचे झुकते माप ठरवणारा आकडा म्हणजे स्वॅपिनेस. मूळ किंमत ६०. पूर्वी ० ते १०० असायचा, कर्नल ५.८ पासून २०० पर्यंत देता येतो. "इतकी टक्के रॅम भरली की स्वॅप सुरू होते" असा याचा अर्थ लावला जातो, तो चुकीचा आहे.

जिथे तिथे "१० करा" असे सांगितलेले सापडेल. एसएसडी असेल तर मी तो ६० वरच ठेवायला सांगेन. आकडा फार खाली आणला की कर्नल कॅश आणि प्रोग्रामचा कोड टाकायला लागतो, म्हणजे वर सांगितलेला स्वॅप नसलेल्या मशीनचा त्रास ओढवून घेतो. फिरती हार्ड डिस्क असेल आणि प्रोग्राम बदलताना फार वाट पाहावी लागत असेल तर ३० करून पाहा:

सुडो सिसीटीएल व्हीएम.स्वॅपिनेस=३०

कमांडची अक्षरे एस-वाय-एस-सी-टी-एल. हा बदल रीस्टार्टपर्यंत टिकतो. काही दिवस वापरून फरक जाणवला तरच /ईटीसी/सिसीटीएल.डी या फोल्डरमध्ये .कॉन्फ ने संपणारी फाइल करून त्यात "व्हीएम.स्वॅपिनेस=३०" ही एक ओळ ठेवा. फरक जाणवला नाही तर राहू द्या.

"स्वॅपमुळे एसएसडी मरते" ही भीतीही खूप ऐकायला येते. व्हीएमस्टॅटमध्ये ये-जा कमी असेल तर लिहिणेही कमीच होते. पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डावर मात्र स्वॅप ठेवू नका. ती हळू असतात आणि सततच्या लिहिण्याने लवकर खराब होतात.

पायरी ७: कमी रॅमच्या मशीनसाठी झेडरॅम

४ जीबी रॅम आणि हळू हार्ड डिस्क अशी जोडी असेल तर मला सगळ्यात जास्त भरवशाचा वाटतो तो हा उपाय. झेडरॅम डिस्कवर काही लिहीत नाही. न लागणारी पाने दाबून, लहान करून रॅममध्येच ठेवतो. साधारणपणे ती अर्ध्या किंवा एक-तृतीयांश जागेत बसतात. प्रोसेसरला थोडे काम पडते, पण फिरत्या डिस्कची वाट पाहण्यापुढे ते काहीच नाही. फेडोराने ३३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, हाच मार्ग मूळचा केला. तुमच्याकडे फेडोरा असेल तर --शो मध्ये झेडरॅम आधीच दिसेल, काही करायची गरज नाही.

उबुंटूवर:

सुडो एपीटी इन्स्टॉल झेडरॅम-कॉन्फिग

डेबियनवर हेच काम झेडरॅम-टूल्स हे पॅकेज करते. रीस्टार्टनंतर --शो मध्ये झेडरॅम दिसायला हवा. त्याचा प्राधान्यक्रम डिस्कवरच्या स्वॅपपेक्षा वरचा असतो. मोठा आकडा आधी वापरला जातो, म्हणजे आधी झेडरॅम आणि तो भरल्यावर डिस्कवरची फाइल. दोन्ही ठेवा. झेडरॅम वापरताना स्वॅपिनेस १०० किंवा त्याहून वर नेलेला चांगला, कारण तिकडे पान पाठवणे डिस्कपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. झेडस्वॅप नावाचे दुसरे तंत्र आहे, तेही पाने दाबूनच ठेवते. दोन्ही एकत्र चालवू नका, एकच काम दोनदा होते.

पायरी ८: काढायची असेल तर क्रम पाळा

फाइल थेट डिलीट करू नका. आधी "सुडो स्वॅपऑफ /एक्स्ट्रास्वॅप" द्या. स्वॅपमध्ये गेलेली पाने यामुळे रॅममध्ये परत येतात. म्हणून ब्राउझर वगैरे आधी बंद करा, नाहीतर जागा नसल्याने "कॅनॉट अलोकेट मेमरी" असे उत्तर मिळते. हार्ड डिस्कवर याला काही मिनिटे लागू शकतात. कमांड परत येईपर्यंत खिडकी बंद करू नका.

मग एफएसटॅबमधली आपली ओळ काढा. त्यानंतर "सुडो आरएम /एक्स्ट्रास्वॅप" ने फाइल. क्रम उलटा झाला आणि ओळ तशीच राहिली, तर पुढच्या वेळी मशीन सुरू होताना सिस्टीम नसलेली फाइल शोधेल आणि स्वॅप चालू करण्यात अपयश आल्याचा लाल निरोप दाखवेल. तसा दिसला तर एफएसटॅबमधली ती ओळ काढली की काम झाले.